नौकेचे आडवे हेलकावे कमी कसे करावेत: स्टॅबिलायझर घेण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर

समुद्रावरील नौका सहा प्रकारे हलते. ती वरखाली होते, पुढेमागे सरकते, बाजूला ढकलली जाते, तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलते आणि बुडते, तीच नाळ डावीउजवीकडे भरकटते, आणि शेवटी ती डाव्या व उजव्या कुशीवर आलटून पालटून कलत राहते. या शेवटच्या हालचालीला रोलिंग म्हणतात आणि यंत्राच्या साहाय्याने आटोक्यात आणता येण्यासारखी प्रामुख्याने हीच आहे. नौकेला वर उचलणाऱ्या किंवा तिची नाळ उचलणाऱ्या बलांशी झगडायचे तर जवळपास नौकेच्या वजनाइतकेच बल लागेल. आडव्या हेलकाव्याचे तसे नाही. गोलसर तळाची नौका कुशीवर वळताना पाण्याला फारसे ढकलत नाही, त्यामुळे पाणीही तिला फारसे अडवत नाही. जिथे निसर्गाचा अडथळा कमी असतो, तिथे थोडासा कृत्रिम अडथळाही मोठा फरक घडवतो. सगळे स्टॅबिलायझर, म्हणजे हेलकावे कमी करणारी साधने, याच एका गोष्टीचा फायदा घेतात.

नव्याने नौका घेणारे अनेक जण या विषयाची सुरुवात उपकरणांच्या माहितीपत्रकांपासून करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, सुरुवात आपल्या नौकेपासून करावी. एकच यंत्र एका नौकेवर उत्तम चालते आणि दुसऱ्या नौकेवर निरुपयोगी ठरते, याचे कारण बहुधा यंत्रात नसून नौकेच्या स्वभावात आणि ती वापरण्याच्या पद्धतीत असते.

पहिली पायरी: नौकेचा स्वतःचा हेलकाव्याचा काळ मोजा

प्रत्येक नौकेला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाऊन परत येण्यास ठरावीक वेळ लागतो. तो मोजण्यासाठी वारा आणि लाटा नसलेल्या, पुरेशा खोल पाण्यात नौका न्यावी, दोर सैल सोडावेत, इंधनाच्या व पाण्याच्या टाक्या नेहमीच्या प्रवासात असतात तितक्या भराव्यात. नंतर दोन-तीन माणसांनी एका काठावर उभे राहून तालात भार टाकावा आणि नौका डोलू लागली की थांबून मध्यरेषेवर यावे. पुढचे चार-पाच पूर्ण हेलकावे घड्याळावर मोजून त्यांची सरासरी काढावी. असे तीन वेळा करावे, कारण एका मोजणीत चूक सहज होते.

हा आकडा तपासून पाहण्यासाठी नौकाबांधणीत एक ढोबळ सूत्र वापरतात. नौकेची मीटरमधील रुंदी सुमारे 0.8 ने गुणायची आणि मेटासेंटरच्या उंचीच्या वर्गमुळाने भागायची, म्हणजे काळ सेकंदांत मिळतो. मेटासेंटरची उंची ही नौका कलल्यावर तिला परत सरळ करणारे बल किती जोरदार आहे याचे माप असते आणि ती नौकेच्या स्थिरतेच्या कागदपत्रांत दिलेली असते. उदाहरणार्थ, 4.5 मीटर रुंदीच्या आणि 0.9 मीटर मेटासेंटर उंचीच्या नौकेचा काळ जवळपास 3.8 सेकंद येतो.

या सूत्रातून एक अनपेक्षित गोष्ट उघड होते. वजन तळाशी नेऊन नौका अधिक स्थिर केली की तिचा काळ कमी होतो, म्हणजे ती अधिक झटक्याने सरळ होते आणि आतल्या माणसांना ते झटके सोसावे लागतात. स्थिरता आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच मनात पक्के करावे. स्टॅबिलायझर हेलकाव्याला विरोध करतो, पण नौका उलटण्यापासून वाचवण्याची तिची मूळ क्षमता तो वाढवत नाही.

मोजलेला काळ नोंदवहीत लिहून ठेवण्यामागे सुरक्षिततेचेही कारण आहे. एखाद्या दिवशी नौका नेहमीपेक्षा सावकाश डोलू लागली आणि कललेल्या अवस्थेत क्षणभर अडखळू लागली, तर ती ताबडतोब धोक्याची सूचना मानावी. तळाशी पाणी साचले आहे, अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव इकडून तिकडे धावत आहे किंवा छतावर फार वजन चढले आहे, यांपैकी काहीतरी घडलेले असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी स्टॅबिलायझर सुरू असेल, तर हे लक्षण झाकले जाऊ शकते.

दुसरी पायरी: लाटांचा काळ बदलून पाहा

झोपाळ्याला त्याच्याच तालात हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. लाटांचा काळ नौकेच्या काळाशी जुळला की नौकेचेही तेच होते. याला अनुस्पंदन म्हणतात. या अवस्थेत हेलकावा किती वाढेल हे केवळ अवमंदनावर, म्हणजे हालचालीची ऊर्जा शोषून घेणाऱ्या अडथळ्यावर अवलंबून असते. म्हणून अवमंदन वाढवणारी सर्व साधने अनुस्पंदनाच्या वेळी सर्वाधिक परिणामकारक ठरतात. लाटा फार लांब व संथ असतील आणि नौका त्यांच्या उतारासोबत निवांत कलत असेल, तेव्हा त्यांचा उपयोग फारच कमी होतो.

सुदैवाने नौकेला जाणवणारा लाटांचा काळ आपल्या हातात बराचसा असतो. खोल पाण्यात 6 सेकंद काळाची लाट सुमारे 56 मीटर लांब असते आणि सेकंदाला साधारण 9.4 मीटर वेगाने पुढे जाते. ती आडवी आली, तर नौकेला काळ 6 सेकंदच जाणवतो. 8 नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे 4.1 मीटर, वेगाने नौका थेट तिच्या समोर नेली तर हा काळ 4.2 सेकंदांच्या आसपास येतो आणि तिच्याकडे पाठ करून त्याच वेगाने गेल्यास तो साडेदहा सेकंदांच्या वर जातो. आपल्या नौकेचा काळ 6 सेकंदांच्या जवळ असेल तर दिशा 30 ते 40 अंशांनी वळवणे, वेग थोडा बदलणे किंवा दोन्ही करणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे. मात्र 4 सेकंद काळाच्या नौकेने याच लाटांना समोरून भिडायचे ठरवले तर ती अनुस्पंदनाकडेच सरकेल. लाटा अगदी समोरून आल्या तर त्या नौकेला फारशा कुशीवर टाकणार नाहीत, पण तिरक्या आल्या तर नक्कीच टाकतील. म्हणून आधी आकडे, मग वळण. पाठीमागून येणाऱ्या मोठ्या लाटांत नौका आडवी फिरण्याचा धोकाही असतो, त्यामुळे तो पर्याय केवळ हेलकावे टाळण्यासाठी निवडू नये.

नांगरावर असताना वारा एका दिशेने आणि दूरवरून येणारी संथ लाट दुसऱ्या दिशेने, अशी स्थिती वारंवार येते. अशा वेळी नांगराच्या साखळीला नौकेच्या मागील बाजूकडून एक दोर बांधून तो हळूहळू आवळला की नाळ लाटेकडे वळते. कित्येक रात्री एवढ्याने शांत झोप मिळते.

तिसरी पायरी: आपण कुठे सर्वाधिक वेळ घालवतो ते ठरवा

प्रवासात, नांगरावर, की दोन्हीकडे? संथ चालीने, की पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत वेगाने? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. पुढील निवड या उत्तरांच्या आधारेच करायची आहे.

चौथी पायरी: साधने समजून घ्या

सर्वांत साधे साधन म्हणजे बिल्ज कील. नौकेचा तळ आणि बाजू जिथे गोलाई घेऊन मिळतात, तिथे दोन्ही बाजूंना लांबलचक अरुंद पट्ट्या जोडतात. नौका डोलली की या पट्ट्यांच्या कडांवरून पाण्याचे भोवरे निघतात आणि हेलकाव्याची ऊर्जा त्यांत खर्च होते. हेलकाव्यांचे शास्त्र 1861 मध्ये मांडणाऱ्या विल्यम फ्रूड यांनी पुढे अशा पट्ट्यांचे प्रयोग केले, आणि आजही जगातील बहुसंख्य मोठ्या जहाजांना त्या असतात. त्यांना वीज लागत नाही, हलणारा एकही भाग नसतो आणि नांगरावरही त्या काम करतात. पट्टी पाण्याच्या प्रवाहाला समांतर बसली पाहिजे, अन्यथा नौकेचा वेग कमी होतो. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या संथ नौकेला दुसरे काहीही बसवण्यापूर्वी बिल्ज कीलचा विचार करावा, असे मी ठामपणे सुचवीन. विक्रेते त्याबद्दल क्वचितच बोलतात, कारण त्यात विकण्यासारखे यंत्र नसते.

मासेमारी नौकांवर रूढ झालेले दुसरे साधन म्हणजे पॅराव्हेन. नौकेच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या बाहेर झुकवून त्यांच्या टोकांपासून माशाच्या आकाराचे जड पंख दोरीने पाण्यात सोडतात. काठी खाली जाते तेव्हा पंख खाली सुळकन बुडतो, काठी वर जाऊ लागते तेव्हा तो पाणी धरून ती बाजू खाली ओढतो. नांगरावर वापरण्यासाठी याचेच सोपे रूप, म्हणजे बिजागरीची पट्टी, मिळते. ती बुडताना मिटते आणि वर येताना उघडते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: पट्टी नौकेच्या मध्यरेषेपासून जितकी दूर, तितका तिचा वेगही अधिक आणि तिच्या ओढीची तरफही लांब. त्यामुळे अंतर दुप्पट केल्यास परिणाम दुपटीहून पुष्कळ अधिक वाढतो, आणि पट्टी मोठी करण्यापेक्षा काठी लांब करणे फायद्याचे ठरते. काठी, तिचे आधार आणि दोर यांवर येणारा भार मात्र त्याच प्रमाणात वाढतो. पॅराव्हेनचे खरे संकट ते उचलताना व सोडताना असते. हवेत झुलणारा जड पंख माणसाला जायबंदी करू शकतो आणि नौकेच्या बाजूला भोकही पाडू शकतो. म्हणून समुद्र खवळण्यापूर्वीच ते पाण्यात सोडावेत, आणि उथळ पाण्यात किंवा जाळी पसरलेल्या भागात शिरण्यापूर्वी वर घ्यावेत.

आता फिनकडे वळू, कारण प्रवासी नौकांवर सर्वाधिक प्रचलित साधन हेच आहे. नौकेच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पाते असते आणि ते आपल्या दांड्याभोवती फिरते. नौका उजवीकडे कलू लागली की संवेदक ते ओळखतो, उजव्या पात्याची पुढची कड वर व डाव्याची खाली वळते, आणि पाण्याचा प्रवाह एका बाजूला उचलतो व दुसरीला दाबतो. जपानमध्ये मोतोरा यांनी 1923 च्या सुमारास फिनचे प्रयोग केले, आणि ब्रिटनमध्ये 1936 मध्ये आयल ऑफ सार्क या प्रवासी जहाजावर बसवलेल्या डेनी-ब्राउन पद्धतीच्या फिनांनंतर त्यांचा प्रसार झाला.

फिनचे सामर्थ्य पाण्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि नवख्या व्यक्तीने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचे पाते 8 नॉट वेगाला साधारण 350 किलो वजनाइतके बल देऊ शकते. वेग 4 नॉटवर आला की तेच पाते जेमतेम 90 किलोंपर्यंतचे बल देते, आणि नौका थांबली की काहीच देत नाही. वेगवान नौकेला लहान पाते पुरते, संथ नौकेला मोठे लागते, आणि मोठे पाते अधिक इंधन खाते. नांगरावरही चालणारे फिन आता मिळतात. ते वल्ह्यासारखे पाणी झपाट्याने ढकलतात, पण त्यासाठी पाते मोठे आणि मोटर जोरदार लागते. पाते अति कोनात वळले की प्रवाह त्याच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि बल एकदम घटते, म्हणून नियंत्रकात कोनाची मर्यादा घातलेली असते. ती वाढवण्याचा मोह टाळावा.

याच घराण्यातील एक वेगळे साधन म्हणजे पाण्यात गरगर फिरणारा दंडगोल. फिरत्या दंडगोलावरून प्रवाह गेला की त्यावर आडवे बल निर्माण होते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. संथ वेगात ते फिनपेक्षा सरस ठरते आणि काम झाल्यावर मिटून ठेवता येते, परंतु अधिक वेगाच्या नौकांसाठी ते सोयीचे नाही. अतिवेगवान नौकांवर मागील कडेच्या पट्ट्या झटपट वरखाली करूनही हेलकावे कमी करतात. थांबलेल्या नौकेवर त्यांचा उपयोग शून्य असतो.

जायरोचे तत्त्व सर्वांत विलक्षण आहे. एक जड चाक प्रचंड वेगाने फिरत असते. लाटेने नौका कलली की हे फिरते चाक कलण्याच्या दिशेला न झुकता त्याच्या काटकोनात, म्हणजे पुढेमागे झुकते. या हालचालीला परांचन म्हणतात आणि तिच्यातून हेलकाव्याला थेट विरोध करणारे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, निर्माण होते. जर्मनीत ओटो श्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे करून दाखवले, आणि 1932 मध्ये सेवेत आलेल्या कोंते दी साव्होया या इटालियन प्रवासी जहाजात प्रत्येकी शंभराहून अधिक टन वजनाचे तीन जायरो होते. आजचे छोटे जायरो निर्वात पेटीत फिरतात, त्यामुळे हवेचा अडथळा जवळपास नाहीसा होऊन लहान चाकालाही मिनिटाला हजारो फेरे घेता येतात.

जायरोचा मोठा गुण असा की, तो नौकेच्या आत असतो. पाण्याखाली काहीही बाहेर निघत नाही आणि नांगरावर तो प्रवासाइतकाच उत्तम चालतो. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. चाक पुढेमागे झुकण्याला शेवट असतो. लाट लांब आणि कलणे दीर्घकाळाचे असेल, तर चाक त्या टोकाला पोहोचते आणि विरोध संपतो. आडवा वारा नौकेला एका बाजूला सतत कलवत असेल तर जायरो ते सरळ करू शकत नाही. फिन काही प्रमाणात करू शकतात. शिवाय चाक पूर्ण वेगाला येण्यास बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, थांबण्यास कित्येक तास जातात, आणि या सर्व काळात वीज व थंड करणारे पाणी अखंड मिळावे लागते.

पाण्याच्या टाक्यांचे साधन मुख्यतः मोठ्या जहाजांसाठी आहे. दोन्ही बाजूंच्या टाक्या खालून जोडून त्यांतील पाणी हेलकाव्याच्या पाव काळाने मागे राहील अशी रचना करतात, त्यामुळे पाण्याचे वजन नेमके वर येणाऱ्या बाजूला असते. मोकळा पृष्ठभाग असलेले हे पाणी नौकेची स्थिरता घटवते, म्हणून नौकाबांधणीच्या अभियंत्याच्या गणिताशिवाय अशी टाकी कोणीही बनवू नये.

शिडाच्या नौकेला शीड हाच स्टॅबिलायझर आहे. इंजिनावर चालतानाही एक लहान शीड मध्यरेषेवर ताणून ठेवले तर वाऱ्यात हेलकावे स्पष्टपणे कमी होतात.

पाचवी पायरी: बसवण्यापूर्वी ढाचा तपासा

फिनसाठी नौकेच्या बाजूला पाण्याखाली भोक पाडावे लागते, आणि या वाक्याचे गांभीर्य ओळखूनच कारागीर निवडावा. फिनच्या दांड्याभोवती आतून जलाभेद्य पेटी असावी. पाते खडकावर आपटले तर पाते किंवा दांडा तुटावा पण ढाचा फुटू नये, अशी रचना असावी. पाते नौकेच्या सर्वाधिक रुंदीच्या बाहेर आणि कीलच्या, म्हणजे तळाच्या मध्यकण्याच्या, खाली जाणार नाही हे पाहावे, अन्यथा धक्क्याला लागताना किंवा उथळ पाण्यात ते सर्वप्रथम आपटेल. जायरोचे आघूर्ण नौकेत कुठूनही सारखेच परिणाम करते, म्हणून त्याची जागा निवडण्यास मोकळीक असते. परंतु ते सगळे बल त्याच्या पायामार्फत ढाच्यात उतरते, तेव्हा पाया मजबूत आडव्या-उभ्या पट्ट्यांना जोडलेला हवा. नाळेजवळ लाटांचे आघात जोरदार असतात, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगांच्या दृष्टीने ती जागा टाळावी.

सहावी पायरी: चालवण्याची शिस्त

नौका मागे नेण्यापूर्वी फिन मध्यावर आणून कुलूपबंद करावेत, कारण उलट प्रवाहात त्यांचे काम उलटे होते आणि दांड्यावर नको तो भार येतो. नांगरावर कोणी पोहण्यासाठी उतरणार असेल, तर फिन बंद करून कुलूपबंद केल्याची खात्री एका जबाबदार व्यक्तीने करावी आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. ही पाती कोणतीही पूर्वसूचना न देता जोरात फिरतात आणि त्यांच्या शेजारी असलेल्या माणसाला गंभीर दुखापत होऊ शकते. या नियमाला अपवाद नसावा.

यंत्र कधीतरी भर समुद्रात बंद पडेल, हे गृहीत धरूनच निघावे. हेलकावे कमी झालेल्या नौकेवर लोक कप उघड्यावर ठेवतात, कपाटांच्या कड्या लावत नाहीत आणि एक हात आधाराला ठेवण्याची सवय विसरतात. वस्तू बांधून ठेवणे ही बाब स्टॅबिलायझर असतानाही तितकीच आवश्यक आहे. समुद्र लागण्याचा त्रास असलेल्या प्रवाशांना हेही आधी सांगावे की, मळमळ मुख्यत्वे संथ वरखाली होण्याने येते, आणि तिच्यावर या कोणत्याही यंत्राचा इलाज नाही.

देखभालीत फिनच्या दांड्याचे सील आणि हायड्रॉलिक नळ्यांची गळती, जायरोच्या थंड पाण्याची गाळणी, पॅराव्हेनच्या दोरांची झीज आणि काठ्यांचे आधार यांवर नजर ठेवावी. पात्यांवर शिंपले साचले की बल घटते आणि इंधन वाढते, म्हणून तळ घासताना पातीही घासावीत.

सातवी पायरी: फरक मोजा

बसवून झाल्यावर एका बाजूने येणाऱ्या स्थिर लाटांत ठरावीक दिशा व वेग धरावा. मोबाइलमधील कोनमापक मध्यरेषेवर घट्ट बसवून दहा मिनिटे यंत्र बंद ठेवून आणि दहा मिनिटे सुरू ठेवून हेलकाव्यांची नोंद करावी, नंतर पुन्हा एकदा बंद करून पाहावे, म्हणजे दरम्यान समुद्रच शांत झाला नाही ना हे कळते. हीच चाचणी नांगरावरही घ्यावी. फरक अपेक्षेहून कमी आला तर नवे किंवा मोठे यंत्र मागण्याआधी नियंत्रकात नौकेचा मोजलेला काळ आणि खरा वेग बरोबर भरला आहे का, पाती दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात फिरतात का, आणि जायरो चाचणीपूर्वी पूर्ण वेगाला पोहोचला होता का, या तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात.